विमानातले डोहाळे

“ही नाव आहे,” सासूबाई म्हणाल्या.

अंगणात तुळशीच्या अलीकडे ते धूड उभं होतं आणि त्याच्या शेजारी धाकू मेस्त्री मुंडाशाच्या टोकानं मान पुसत उभा होता. गेला आठवडाभर त्यानं आपल्या होड्या बांधायच्या मांगराचं दार लावून आत ठोकाठोक केली होती, कुणाला डोकावूसुद्धा दिलं नव्हतं. आज सकाळी चार गडी लावून त्यानं ते आमच्या अंगणात आणून टेकवलं होतं.

“नाव न्हाय वयनी, इमान हाय,” धाकू म्हणाला. “ही काय पकं दोन बाजूला.”

“मला शिकवू नकोस. जन्म गेला माझा या बंदरात. पंख लावलेस म्हणून नावेचं विमान होतं होय? हिला बूड आहे. हिला पुढे टोक आहे. फटींत कापूस ठासून वर राळ फासली आहेस, मेल्या!”

“मंग? दर्यावरनं जायाचा ना? वाटेत यंतर बंद पडला तर खाली पानीच हाय. बुडाला फळी नको?”

मला हसू फुटलं. सातव्या महिन्यात हसू आवरायचं म्हणजे पोट धरावं लागतं. पण सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि मी पदर तोंडाशी नेला.

धाकूचा तरी काय दोष? जन्मभर त्यानं होड्या बांधलेल्या. ह्यांनी त्याला नमुना म्हणून वर्तमानपत्रातलं चित्र दिलं, ते इतकं काळं उमटलेलं की त्यात विमानाचं पोट कुठे संपतं आणि सावली कुठे सुरू होते हे देवालाच ठाऊक. त्यानं दोन कामट्यांचे पंख केले, त्यांवर जुन्या शिडाचं कापड ताणून भाताची खळ दिली, नाकापुढे मोडक्या वल्ह्यांचं फिरतं पातं बसवलं आणि उरलेलं जे डोळ्यांना दिसलं नाही ते आपल्या हाताला विचारून केलं. हाताला नावच येत होती.

आणि नाव तेवढी आम्हांला नको होती.

दोन वर्षांपूर्वी माझं पहिलं डोहाळजेवण नावेतलं झालं होतं. आमच्याकडे सातवा लागला की गरोदर बाईला हिरवं नेसवून, फुलांचे दागिने घालून कशात तरी बसवतात. कुणी बागेत, कुणी चांदण्यात, कुणी झोपाळ्यावर. बंदरावरच्या बायका मला नावेत बसवायचं म्हणून हटून बसल्या आणि सासूबाई हौशी. आठव्यात ते मूल पोटातच गेलं. माझ्या तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण विहिरीवर बोललं गेलंच. नावेत बसवली आणि नाव बुडाली.

म्हणून यंदा पुन्हा सगळं पहिल्यापासून धरायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंनी फार जपून विचारलं होतं, “द्वारके, बागेतलं करूया की चांदण्यातलं?” मी म्हटलं, “विमानातलं.” खरं सांगायचं तर मी चिडून म्हटलं होतं. सगळे माझ्याकडे पाहताना आधी पोटाकडे पाहत आणि मग डोळे वळवत, त्याचा मला वीट आला होता. पण आत माजघरात येसूवन्संनी टाळी वाजवली आणि माझा राग तिथेच विरघळला.

येसूवन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. नऊ वर्षांपूर्वी तापाच्या साथीत त्यांचे यजमान गेले आणि त्या माहेरी आल्या, त्या कायमच्याच. तेव्हा जेमतेम विशीतली बाई ती. आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पोस्ट आणि तारऑफिस, हे तारमास्तर. मागच्या बाजूला आम्ही. वन्सं पुढे कधी येत नसत. पण ऑफिसात आलेलं वर्तमानपत्र हे वाचून झालं की मागे यायचं आणि वन्सं ते शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायच्या. त्या वर्षी अमेरिकेत तीनचार जण विमानं सज्ज करून बसले होते. न्यूयॉर्कहून उडायचं ते मध्ये कुठेही न टेकता समुद्र ओलांडून थेट पॅरिसला उतरायचं. उलट बाजूनं निघालेले दोघं फ्रेंच त्या मे महिन्यातच बेपत्ता झाले होते. वन्संना ह्या सगळ्यांचं असं काही वेड लागलं की विचारू नका. पोळी लाटता लाटता मध्येच म्हणायच्या, “द्वारके, त्या दोघांत एकाला तरी पोहता येत असेल का गो?”

आणि त्या गाणी रचत. लिहीत नसत, मनातच जुळवत. माझ्या डोहाळ्यांचं गाणं त्यांनीच रचलं. डोहाळ्यांच्या गाण्यात पहिल्यापासून नवव्यापर्यंत एकेका महिन्याचं एकेक कडवं असतं. वन्संनी प्रत्येक महिना उडवला. कुणीतरी जाईलच, या भरवशावर त्यांनी आठ कडवी रचली आणि शेजारच्या रंगूकाकूंनी ती बंदरावरच्या बायकांच्या गळ्यांत बसवली. नववं बाकी होतं. विचारलं की वन्सं म्हणत, “होईल गो, घाई काय आहे?”

डोहाळजेवण रविवारी. आणि शनिवारी दुपारी हे ऑफिसातून धावतच मागे आले. तारेवर रत्नागिरीच्या मास्तरांशी ह्यांच्या गप्पा चालत, त्यांनी कळवलं होतं. अमेरिकेतल्या त्या तीनचारांपैकी एक पोरगा उडाला, एकटा. शेवटची जमीन मागे टाकून समुद्रावर गेला.

“एकटा?” वन्संनी विचारलं.

“एकटाच. सोबतीला माणूस घेतला तर तेवढं तेल कमी बसतं म्हणे.”

संध्याकाळी वळवाचा पाऊस असा काही कोसळला की अंगणातली वाळवणं गोळा करायला सवड मिळाली नाही. वारा सुटला आणि खाडीपलीकडे कुठेतरी माड तारेवर पडला. ऑफिसातलं यंत्र मुकं झालं. तो मुलगा समुद्रावर आहे, एवढंच घेऊन आम्ही त्या रात्री झोपलो. निदान आडव्या झालो.

तर रविवारची सकाळ अशी होती. हे लाइनमनला घेऊन उजाडायच्या आत तार शोधायला गेलेले. अंगणात पंखांची नाव. आणि सासूबाई दर थोड्या वेळानं फाटकाशी जाऊन रस्त्याकडे बघून यायच्या.

“नारू आला का गो?” त्या ह्यांची चौकशी करत.

“नाही, सासूबाई.”

“येईल. तू बस खाली. अशी फिरू नकोस.”

मला बसवेना. पोटात मूल सकाळपासून सारखं ढुशा देत होतं, त्यालाही काही सुचत नसावं. मी माजघरातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून मागल्या पडवीत अशा फेऱ्या घालत होते. मागल्या पडवीत वन्सं कोकमासाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. आदल्या दिवशीच्या पावसानं भिजलेले. आज फोडले नाहीत तर सगळे कुजणार. कोपरापर्यंत त्यांचे हात लालभडक झाले होते.

“वन्सं, नववा झाला का?”

“नाही.”

“दुपारी बायका येणार.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

त्यांनी एक रातांबा उलगडला, बी टोपलीत टाकली. “अजून तो उतरला नाही, द्वारके. नवव्यात मी काय घालू?”

“उतरला असं घाला. गाण्यात काय जातंय?”

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आलेला मी तोवर पाहिला नव्हता. “मी नाही खोटं घालणार,” त्या म्हणाल्या. “आठ म्हणा आणि थांबा.”

आठ म्हणून थांबायचं! पहिल्या खेपेला मी आठव्यातच थांबले होते. मला रडू यायला लागलं आणि ते दिसू नये म्हणून मी पुन्हा पुढे आले, तर तिथे रंगूकाकू आपल्या खणखणीत आवाजात सासूबाईंना समजावत होत्या.

“म्हाळसाबाई, माझं ऐका. या होडक्याला न्या परत. झोपाळा बांधू, रामाचे डोहाळे म्हणू. माझी आजी म्हणायची, आई म्हणायची. तिकडे तो पोरगा जगला की बुडाला कुणाला ठाऊक! आणि त्याच्या विमानात तुम्ही पोटुशी पोर बसवणार? तेही अशा विमानात?”

“बुडाला” म्हणताना त्यांनी जीभ चावली, पण शब्द सुटला होता. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

“द्वारके, काय करूया गो?”

सासूनं सुनेला असं विचारायचा तो काळ नव्हता. त्या जर म्हणाल्या असत्या, झोपाळ्यावर बस, तर मी निमूट बसले असते. विचारलं म्हणून माझ्यात कुठून बळ आलं कोण जाणे.

“विमानातच बसत्ये,” मी म्हटलं. “झोपाळ्यावर बसले आणि काही झालं, तर मग झोपाळा वाईट म्हणायचा का? असं करत करत बसायला जागाच उरायची नाही.”

रंगूकाकूंनी कपाळाला हात लावला. धाकू अजून फाटकाशी घुटमळत होता, तो मोठ्यानं म्हणाला, “बसा बाय, बिनघोर बसा. पानी शिरायचा न्हाय.”

दुपार कलली तशा बायका जमल्या. मला नेसवलं, जुईच्या बिंदल्या, जुईची वेणी, जुईचा चंद्रहार घातला. दोघींनी हात धरून मला त्या नावेत, विमानात, काय म्हणायचं ते म्हणा, पाटावर बसवलं. राळेचा वास नाकात भिनला. डावीउजवीकडे पंख. समोर दोन वाट्या उपड्या झाकलेल्या, एकीखाली पेढा आणि एकीखाली बर्फी. हाताला जी येईल त्यावरून मुलगा की मुलगी ठरायचं. वन्सं अर्थातच अंगणात नव्हत्या. विधवेची सावली ओटीवर पडू नये, हे कुणी कुणाला सांगावं लागत नसे. ज्याचं त्याला ठाऊक असायचं. मागल्या पडवीतून मात्र रातांब्याच्या बिया टोपलीत पडल्याचा आवाज येत होता.

रंगूकाकूंनी सूर लावला.

पहिल्या महिन्यात काय गं मनी?
समुद्र ओलांडू एकटेपणी.
हसू द्या हसतील त्यांना कुणी,
हिला डोहाळे विमानाचे.

बायका झेलत होत्या. दुसरा झाला.

तिसऱ्या महिन्यात अन्न जाईना,
ओझं फार झालं, उडणं होईना,
टाकलं सारं, माघार घेईना,
हिला डोहाळे विमानाचे.

इथे सगळ्या हसल्या. तिसऱ्यात मी किती ओकले ते सगळ्या बंदराला ठाऊक होतं. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या गात नव्हत्याच. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता, जरी जुन्या बायका सांगत की म्हाळसाबाईंसारखा गळा या बंदरात झाला नाही. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाल्या, “गेला गो आवाज, वयानं जातो.” त्यांची नजर फाटकावर होती.

पाचव्या महिन्यात जमीन सुटली,
मागली हाक मागेच तुटली,
पोटात पहिली लाथ ती उठली,
हिला डोहाळे विमानाचे.

आता हसणं थांबलं. हे कडवं वन्संनी पंधरा दिवसांपूर्वी रचलेलं, पण जमीन काल खरोखरीच सुटली होती. सहावा झाला. सातव्याला रंगूकाकूंनी आवाज आपोआप खाली आणला.

सातव्या महिन्यात काळोख झाला,
वर की खाली, समुद्र कुठला?
मिटू नको रे डोळा आपला,
हिला डोहाळे विमानाचे.

एवढ्यात फाटक वाजलं. हे आले. गुडघ्यापर्यंत चिखल, धोतर ओलं, हातात पक्कड. सासूबाई ताडकन उठल्या. ह्यांनी नुसती मान हलवली. “तार सापडली. लाइनमन चढलाय खांबावर, जोडतोय.” आणि अंगणात थांबलेसुद्धा नाहीत, तसेच चिखलाच्या पायांनी ऑफिसात शिरले. उघड्या खिडकीतून मला ते यंत्रासमोर बसलेले दिसत होते. यंत्र गप्पच होतं.

“आठवा म्हणा,” मी म्हटलं.

आठव्या महिन्यात दिवे न दिसती,
दाराशी बायका वाट पाहती,
हातातली कामं हातात राहती,
हिला डोहाळे विमानाचे.

आणि गाणं थांबलं. पोटातलं मूल, सकाळपासून नाचणारं, एकदम निपचित झालं होतं. मी पोटावर हात ठेवला. काही नाही. दुसरा हात ठेवला. भीती म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. माझ्याकडे पाहून रंगूकाकूंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी घाईघाईनं स्वतःच जुळवायला घेतलं. “नवव्या महिन्यात सुखाची वेळा, विमान उतरे, जमला मेळा...”

“नको!” मी ओरडले. “ते नको. वन्संना बोलवा.”

“इथे?” एकजण पुटपुटली.

“नववा त्यांचा आहे. त्या म्हणाल्या तरच मी उठत्ये. नाहीतर इथेच बसून राहीन, रात्र झाली तरी.”

सासूबाई काही बोलण्याआधीच मागच्या दारात वन्सं दिसल्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार. उंबऱ्याच्या आत उभ्या, हात पुढे धरलेले, बोटांतून लाल रस ठिबकत होता.

“द्वारके, हट्ट करू नकोस,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे नववा नाही.”

“का नाही? आठ रचलेत, मग एकच का नाही?”

त्या माझ्याशी बोलत होत्या, पण बघत होत्या आपल्या आईकडे.

“माझे नऊही म्हणून झाले होते, द्वारके. याच अंगणात. नवव्यात पाळणा होता, तोरण होतं, जावयाच्या हातचे पेढे होते. आठव्यात हे गेले. नवव्यात मुलगी झाली, ती बारशापर्यंत राहिली नाही. नाव ठेवायचं राहूनच गेलं तिचं.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसा. “तेव्हापासून मला वाटतं, पुढचं असं आधी गाऊन टाकू नये कुणी.”

सासूबाई तुळशीच्या कट्ट्याला धरून उभ्या होत्या.

“येसू,” त्या म्हणाल्या, “तुझ्या वेळी नववा मी म्हटला होता गो.”

“हो आई. फार गोड म्हटलास.”

एवढंच. मग मला कळलं की सासूबाईंचा आवाज कशानं गेला होता आणि गाण्याच्या वेळी त्या मुलीला अंगणात का बोलावत नव्हत्या. इतकी वर्षं आम्ही सगळे समजत होतो की त्यांना तिची सावली नको आहे. त्यांना तिच्यासमोर गाणं नको होतं.

कुणीतरी मुसमुसलं. रंगूकाकूंनी पदर तोंडाला लावला. मी पोट धरून बसले होते आणि पोटात अजून काही हलत नव्हतं.

“वन्सं,” मी म्हटलं, “मग खोटं नाही ते म्हणा. तुम्हांला जे ठाऊक आहे तेवढंच म्हणा. पण नववा महिना मला द्या हो. मला आठवर सोडू नका.”

त्या उंबरा ओलांडून आल्या. मुद्दाम नव्हे, माझ्याकडे बघत बघत आल्या, कुठे पाय टाकतो आहोत याचं भानच त्यांना नव्हतं. बायका बाजूला सरकल्या. विमानापाशी येऊन त्यांनी आधाराला पंखावर हात टेकला आणि जराशा चाचरत, जुळवत जुळवत म्हणाल्या:

नवव्याचं आधी मी न सांगते,
उतर सुखानं, एवढं मागते,
दारात दिवा लावून जागते,
हिला डोहाळे विमानाचे.

पहिल्यांदा त्या एकट्याच म्हणाल्या. दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीला मागून एक आवाज आला. घोगरा, गंज चढलेला, मध्येच फाटणारा, आणि तरी असा की सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. सासूबाई गात होत्या. कट्टा सोडून एकेक पाऊल पुढे येत होत्या आणि गात होत्या.

आणि त्याच वेळी ऑफिसात यंत्र बोलायला लागलं. कडकट्ट, कडकट्ट, कट्ट.

आमच्यापैकी कुणालाच ती भाषा येत नव्हती. खिडकीतून ह्यांची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. मी त्या पाठीवरून काही कळतंय का ते बघत होते. यंत्र थांबलं. हे उठले, खुर्ची मागे पडली, दारात आले आणि तोंड उघडलं.

सासूबाईंनी हात वर केला.

“थांब नारू. आधी कडवं पुरं होऊ दे.”

“अगं आई, पण...”

“थांब म्हटलं ना!”

तिसऱ्यांदा सगळ्या बायकांनी मिळून म्हटलं. हे दारात उभे, एका पायावरून दुसऱ्या पायावर, सबंध जगाची बातमी तोंडात धरून. सरकारी तारमास्तर, पण आईपुढे काय चालणार! उतर सुखानं, एवढं मागते. आणि त्या ओळीला पोटात, बरगडीखाली, अशी काही लाथ बसली की मी “आई गं” म्हणून ओरडलेच. आयुष्यात मार खाऊन कधी एवढा आनंद झाला नव्हता. मी रडत होते, हसत होते, आणि काय झालं म्हणून विचारणाऱ्या बायकांना काही सांगता येत नव्हतं.

कडवं संपलं.

“हं,” सासूबाई म्हणाल्या. “आता बोल.”

“उतरला,” हे म्हणाले. “पॅरिसला. सुखरूप. पहाटेच उतरला, आपल्याला आत्ता कळतंय. लाखभर माणसं जमली होती म्हणे.”

अंगणात एकच गलका झाला. कुणी धाकूच्या नावानं ओरडलं, कुणी वल्ह्यांचं पातं गरगर फिरवलं. सासूबाई मात्र ह्यांच्याजवळ गेल्या.

“त्याची आई आहे का रे?”

“आहे ना. पेपरात फोटो होता.”

“तिला कळवलं का कुणी?”

“अगं, तिला कळवणार नाहीत?”

“नक्की कळवलं असेल ना पण?” असं त्यांनी तीनदा विचारलं, आणि मग तिथेच पायरीवर बसून पदरात तोंड खुपसून रडल्या. वन्सं शेजारी जाऊन बसल्या.

त्या गडबडीत पेढ्याबर्फीच्या वाट्या उघडायच्या राहिल्या. संध्याकाळी आठवण झाली तेव्हा हे दिवसभराचे उपाशी, दोन्ही खाऊन बसलेले होते. त्यामुळे मुलगा की मुलगी हे काही कळलं नाही, आणि खरं सांगते, मला विचारावंसंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकू शीड परत न्यायला आला. डाव्या पंखावर वन्संच्या हाताची पाची बोटं उमटली होती, कोकमाच्या रंगाची. खळ दिलेल्या कापडात ती अशी मुरली होती की धाकू म्हणाला, “धुवून निघायचा न्हाय हां, वयनी.” सासूबाईंनी तो पंख ठेवून घेतला.

आठवा महिना गेला. मी त्यातला एकेक दिवस कसा काढला ते मलाच ठाऊक. रोज संध्याकाळी सासूबाई दारात दिवा लावून ठेवत, आणि पाऊस असला की त्यावर सूप धरून उभ्या राहत. ऐन श्रावणात माझी सुटका झाली. मुलगी. रंगानं काळीसावळी, आवाजानं रंगूकाकूंच्या वरताण.

बारशाच्या दिवशी पाळण्यात टाकायच्या आधी सासूबाईंनी कपाटातून एक झोळी काढली. पंखाचं शीड धुऊन मऊ केलेलं होतं आणि मधोमध ती पाच बोटं. मुलीला त्यात घातलं. मग नाव ठेवायची वेळ आली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. शेजारच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चुलतआत्या रत्नागिरीहून आली होती, ती पदर सावरून पुढे सरकली.

“तू बस गो,” सासूबाई तिला म्हणाल्या. “हिला सख्खी आत्या आहे. येसू, ये.”

वन्सं आल्या. झोळीवर वाकल्या आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजल्या. बराच वेळ कुजबुजल्या. एक नाव सांगायला एवढा वेळ लागत नाही. आधी आणखी कुणाचं तरी राहिलेलं नाव त्यांनी सांगून टाकलं असावं.

आमच्याकडे आत्या अशी वाकली की बायकांनी तिच्या पाठीवर धपाटे घालायचे, तेवढी थट्टा हक्काची. बायका हात उचलून घुटमळल्या. नऊ वर्षांत त्या पाठीला कुणी थट्टेनं हात लावला नव्हता.

मग एक धपाटा बसला आणि मागोमाग सगळ्यांचे. पहिला सासूबाईंचा होता, आणि सगळ्यांत जोराचाही.